ग्राफिक डिझाइन, ॲनिमेशन आणि दृश्यविचार : बडोद्यातल्या एका विद्यार्थिनीला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बडोद्यात उपयोजित कला शिकते. दांडिया बाजारातल्या नातेवाइकांपासून शाळेतल्या धाकट्या मैत्रिणींपर्यंत, आणि ओळख काढून इंदूर-ग्वाल्हेरहून फोन करणाऱ्या पालकांपर्यंत, सगळ्यांचे प्रश्न बरेचसे सारखेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत पालकांना ‘तुम्ही’ म्हटलं आहे आणि शिकणाऱ्यांना ‘तू’. फी, तारखा, जागा दरवर्षी बदलतात. त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहाव्यात.

ग्राफिक डिझाइन, ॲनिमेशन आणि दृश्यविचार हे तीन वेगळे विषय ना? मला एकच निवडायचा आहे.

पदवीच्या कागदावर वेगळे आहेत, शिकताना नाहीत. मजकूर, चित्र, रंग आणि मोकळी जागा यांची अशी मांडणी करायची की पाहणाऱ्याला सांगायचं ते कळावं, हे ग्राफिक डिझाइन. औषधाचं लेबल, पुस्तकाचं मुखपृष्ठ, बसथांब्यावरचा फलक, मोबाइलवरचं ॲप, सगळं त्यात आलं. ॲनिमेशन त्यात वेळ आणतं : आधी काय दिसेल, किती वेळ दिसेल, मग काय येईल. दृश्यविचार, म्हणजे ज्याला कॉलेजात सगळे ‘थिअरी’ म्हणतात, तो विचारतो की डोळा असं का पाहतो आणि मन त्याचा असाच अर्थ का लावतं.

सुरुवातीच्या वर्षांत तिन्हीला हात लावावा, हे माझं ठाम मत आहे. थिअरीपासून पळणारे विद्यार्थी पुढे अडतात. आपल्या कामात काहीतरी बिघडलंय हे त्यांना जाणवतं, पण कुठे ते बोलून दाखवता येत नाही, आणि मग दुरुस्तही करता येत नाही.

बडोद्याच्या फाइन आर्ट्सला ‘ग्राफिक्स’ घेतलं की ग्राफिक डिझाइनच शिकवतात ना?

नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्समध्ये ‘ग्राफिक आर्ट्स’ म्हणजे मुद्राचित्रण : लाकडी ठसे, एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लानं कोरून छापणं), लिथोग्राफी (शिळाछाप). ज्योती भट्ट यांच्यासारख्या कलावंतांमुळे बडोद्याचं नाव झालं ते या कामात. जाहिरात, मांडणी, अक्षररचना, बोधचित्रं हे सगळं ‘अप्लाइड आर्ट्स’मध्ये, म्हणजे उपयोजित कलेत येतं. अर्ज भरताना हे दोन शब्द नीट वाच, म्हणजे वर्ष वाया जाणार नाही.

तरीही उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यानं मुद्राचित्रणाच्या कार्यशाळेत जाऊन एक तरी ठसा स्वतः छापून पाहावा. शाई जास्त झाली की बारीक रेघ बुजते, हे एकदा हाताला कळलं की पडद्यावर केलेल्या नाजूक लोगोकडे आपण वेगळ्या नजरेनं बघतो.

या फॅकल्टीचं एवढं नाव का घेतात?

१९५० साली ती सुरू झाली तेव्हापासून तिथे हातानं काम करणारे आणि त्याबद्दल विचार करून लिहिणारे एकाच आवारात राहिले. इंदूरला जन्मलेले ना. श्री. बेंद्रे तिथे चित्रकला शिकवत. पुढे के. जी. सुब्रमण्यन, गुलाममोहम्मद शेख, नसरीन मोहमदी यांनी शिकवलं. सुब्रमण्यन भित्तिचित्रंही करत आणि लहान मुलांसाठी खेळणीही; मोठी कला आणि छोटी कला अशी भिंत त्यांनी मानली नाही. चित्रकार भूपेन खख्खर हिशेब तपासनीस म्हणून काम करत आणि बाजारातल्या कॅलेंडरांच्या चित्रांकडे गंभीरपणे बघत. ज्याला डिझाइन शिकायचंय त्याच्यासाठी ही परंपरा फार मोलाची आहे, कारण डिझाइनचं निम्मं आयुष्य बाजारातच जातं.

आमच्या मुलीला चित्रं काढायला आवडतात, पण यात पोट भरतं का?

भरतं, काकू. पण पहिली काही वर्षं पगार बेताचा असतो, हे आधीच मान्य करून निघावं. बडोद्याच्या आसपास औषधांचे, रसायनांचे, यंत्रांचे कारखाने आहेत. त्यांना खोकी, लेबलं, माहितीपत्रकं, प्रदर्शनातले स्टॉल, यंत्र कसं चालवायचं हे दाखवणाऱ्या ॲनिमेटेड फिती लागतात. प्रकाशनं, ॲप बनवणाऱ्या कंपन्या, शैक्षणिक व्हिडिओ, जाहिरात संस्था हे वेगळंच. हे काम दिसायला झगमगीत नसतं. पण गोळ्यांच्या पाकिटावरची मात्रा म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजे, ही जबाबदारी लहान नाही, आणि ती नीट पार पाडणाऱ्याला लोक पुन्हा बोलावतात.

एक विनंती : तिला ‘आधी इंजिनिअरिंग कर, मग छंद म्हणून चित्रं काढ’ असं सांगू नका. हे पूर्ण वेळेचं शिक्षण आहे.

माझं ड्रॉइंग चांगलं नाही. तरी जमेल?

हुबेहूब काढता येणं आणि नीट पाहता येणं यात फरक आहे, आणि इथे दुसरं जास्त लागतं. रोज समोरची एक वस्तू काढ : पाटा, सायकल, रेल्वे स्टेशनबाहेर झोपलेला कुत्रा. खोडरबर बाजूला ठेव. चुकलेली रेघ तशीच राहू दे आणि तिच्या शेजारी दुसरी ओढ. काढून झालं की वस्तूभोवतीची रिकामी जागा काढ. खुर्चीच्या पायांमधली हवा काढता आली की खुर्ची आपोआप बरोबर येते. आकृती आणि पार्श्वभूमी हा धडा पुस्तकात फार पुढे येतो, पण शिकायचा असतो तो इथेच.

लॅपटॉप कोणता घेऊ? सॉफ्टवेअर आधी कोणतं शिकू?

पहिल्या वर्षी घरातला चालू लॅपटॉप पुरतो. वेक्टर रेखाटनासाठी (कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या) इंकस्केप, रंगवण्यासाठी क्रिटा, त्रिमितीसाठी ब्लेंडर, हातानं काढलेल्या ॲनिमेशनसाठी ओपनटून्झ, ही सगळी फुकट आणि कायदेशीर मिळतात. ओपनटून्झ ज्या सॉफ्टवेअरवर आधारलेलं आहे, ते ॲनिमेशनपट करणारा जपानचा जिब्ली स्टुडिओ वापरत आला आहे. ‘फुकटचं म्हणजे कच्चं’ असं समजू नकोस. नोकरीत फोटोशॉप, इलस्ट्रेटर, आफ्टर इफेक्ट्स लागतील. एक नीट आलेलं असलं की दुसरं शिकायला फार वेळ लागत नाही.

तीन महिन्यांत सगळं शिकवतो म्हणणाऱ्या क्लासमध्ये बटणं शिकवतात. बटणं दर दोन वर्षांनी जागा बदलतात.

तू सारखं अक्षरांबद्दल बोलतेस. चित्र सोडून अक्षरांवर एवढा भर कशाला?

कारण डिझाइनमधलं बहुतेक काम अक्षरांचंच असतं, आणि बडोद्यातल्या मराठी मुलांना यात एक संधी आहे जी पुण्यातल्या मुलांना नाही. आपण घरी देवनागरी वाचतो, रस्त्यावर गुजराती वाचतो आणि शाळेत रोमन. तीन लिप्या, तीन वेगळे स्वभाव. देवनागरी अक्षरं शिरोरेषेला लटकतात. गुजरातीला शिरोरेषाच नाही, तिची अक्षरं सुटी आणि गोलसर उभी राहतात. रोमन अक्षरं खालच्या रेषेवर टेकतात. मांडवीकडून न्यायमंदिराकडे चालत जा आणि पाट्या बघ. एकाच पाटीवर तिन्ही लिप्या एकाच मापात दिल्या की देवनागरी ओळ वरून काळी आणि जड दिसते, गुजराती ओळ मोकळी दिसते, आणि इंग्रजी एकतर फार मोठं वाटतं नाहीतर हरवून जातं. आकडा सारखा असला म्हणून डोळ्याला माप सारखं वाटत नाही. ते डोळ्यानंच जुळवावं लागतं.

देवनागरीच्या खास गरजाही आहेत. वर मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. म्हणून दोन ओळींत रोमनपेक्षा जास्त अंतर द्यावं लागतं. इंग्रजी मजकुरासाठी ठरवलेलं अंतर तसंच मराठीला लावलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. लग्नपत्रिकांत हे हमखास दिसतं.

मराठीची स्वतःची अक्षररूपंही आहेत. आपला ल पाकळीयुक्त आणि श देठयुक्त असतो. महाराष्ट्र शासनाच्या २०२२च्या आदेशानंही तेच रूप धरलं आहे. हिंदीसाठी केलेल्या बऱ्याच फॉन्टांत दंडयुक्त ल आणि शेंडीयुक्त श येतात. मजकूर वाचता येतो, पण मराठी माणसाच्या डोळ्याला कुठेतरी खटकतं. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ ही जोडी छापून बघ. पहिल्यात डोंगरातल्या दऱ्या आहेत, दुसऱ्यात समुद्र. फॉन्टमध्ये ऱ्यचं रूप नीट नसेल तर डोंगराचा समुद्र होतो.

या कामाला मोठी परंपरा आहे. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानं एकोणिसाव्या शतकात मुंबईत देवनागरीचे जे खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरठसे, पाडले, ते पुढे कित्येक दशकं आदर्श मानले गेले. र. कृ. जोशी यांनी संगणकावरच्या देवनागरीला आकार दिला. विंडोजमधला ‘मंगल’ त्यांचाच. आज एक टाइप या मुंबईच्या गटाचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट कोणीही मोफत वापरू शकतं, आणि बलू गुजरातीतही आहे. त्यामुळे दोन्ही लिप्यांचं भित्तिपत्रक एकाच घराण्याच्या अक्षरांत करता येतं.

सॉफ्टवेअरमध्ये माझी मराठी जोडाक्षरं तुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. काय करू?

इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवड. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरमध्येही भारतीय लिप्यांसाठीची सेटिंग आहे, ती चालू कर. युनिकोड फॉन्टच वापर. छापखान्यात फाइल देण्याआधी एक प्रत अक्षरांचं रेखांकन (‘आउटलाइन’, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर) करून दे आणि मूळ फाइल स्वतःकडे जप, कारण रेखांकनानंतर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही.

ॲनिमेशनची सुरुवात कशी करू? ड्रॉइंग टॅब नाही माझ्याकडे.

चिकट कागदांचा गठ्ठा आणि पेन्सिल घे. सिनेमा सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) दाखवतो. हातानं काढणारे बहुधा एक चित्र दोन चौकटींसाठी ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. दहा सेकंदांच्या फितीला १२० चित्रं झाली. पहिलं काम म्हणून दोन सेकंद पुरेत.

विषय म्हणून मी सगळ्यांना नवरात्रातला गरबा सुचवते. बडोद्यात गाणारे मध्ये असतात आणि भोवती नाचणाऱ्यांची कडी. पावलं तीच तीच परत येतात. ॲनिमेटरला जो लूप हवा असतो तो मैदानावर तयार असतो. पूर्ण घोळका बघू नकोस. एकच बाई किंवा एकच मुलगा निवड आणि त्याच्यावरून नजर हलवू नकोस. त्रण ताळीच्या गरब्यात टाळी कुठे पडते, त्या क्षणी वजन कुठल्या पायावर असतं, टाळीआधी हात किती मागे जातात, ते बघ. टाळीआधीचं ते मागे जाणं म्हणजे पूर्वतयारी. ती काढली नाहीस तर टाळीला जोरच येणार नाही. मग वळण बघ. अंग थांबतं, पण घागऱ्याचा घेर थांबत नाही. तो पुढे जातो, अंगाला लपेटतो आणि मग परत येतो. डिस्नेच्या ॲनिमेटरांनी सांगितलेल्या बारा तत्त्वांत याला ‘फॉलो थ्रू’ म्हणतात. व्याख्या पाठ करण्यापेक्षा घेर बघ.

घरी आल्यावर काडीची माणसं काढ. टाळी अर्ध्या सेकंदाला पडत असेल तर दोन टाळ्यांमध्ये १२ चौकटी, म्हणजे सहा चित्रं. सहाही चित्रं समान अंतरावर काढलीस तर माणूस यंत्रासारखा हलेल. टाळीच्या जवळ चित्रं एकमेकांपासून दूर ठेव, हात मागे थांबतात तिथे जवळजवळ ठेव. जिवंतपणा येतो तो या अंतरांतून. चेहरा, दागिने, रंग हे सगळं नंतर.

आणि हो, गठ्ठा फोनवर एकेक फोटो काढून फुकटच्या स्टॉप मोशन (फोटो जोडून हालचाल दाखवणाऱ्या) ॲपमध्ये टाक. टॅबची गरज पडेल तेव्हा पडेल.

बडोद्याचा आणि ॲनिमेशनचा काय संबंध?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. सयाजीराव गायकवाड यांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन सुरू केलं. रंगकाम, रसायन, यंत्रकाम, छपाई असं हाताला कौशल्य देणारं शिक्षण तिथे होतं. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब फाळके, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून या कलाभवनात आले. चित्रकला, छायाचित्रण, छपाईची तंत्रं त्यांनी इथे आत्मसात केली. पुढे गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला, मग छपाईच्या व्यवसायात गेले. म्हणजे त्यांचं सगळं शिक्षण आजच्या भाषेत डिझाइनचंच होतं.

१९१२ साली, चित्रपटासाठी भांडवल मिळावं म्हणून, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या वेळानं एकेक चौकट घेऊन चित्रित केली. पडद्यावर अंकुर मातीतून वर येऊन भराभर वाढताना दिसला. १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ सगळ्यांना माहीत असतो. पण १९१५च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा पट केला, आणि त्यात काड्यापेटीतल्या काड्याच हलत होत्या. चौकट, थांबणं, किंचित सरकवणं, पुन्हा चौकट : आज तू फोनवर जे करशील ते हेच. भारतीय ॲनिमेशनचा इतिहास सांगताना लोक थेट फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपटसंस्थेपासून, म्हणजे १९५०च्या दशकात डिस्नेहून आलेले क्लेअर वीक्स आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले राम मोहन यांच्यापासून सुरुवात करतात. ते काम मोठंच आहे, पण त्याआधीच्या काडीपेटीला विसरू नये.

थिअरी खरंच उपयोगी असते का? परीक्षेपुरती वाचली तर नाही चालणार?

नाही चालणार. दोनच उदाहरणं देते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी १९१२ साली दाखवून दिलं, की दोन रेषा ठरावीक, अगदी थोड्या अंतरानं आळीपाळीनं दाखवल्या तर माणसाला दोन रेषा दिसत नाहीत, एकच रेषा सरकताना दिसते. हालचाल कागदावर नसते. ती पाहणाऱ्याच्या मनात तयार होते. फाळके वाटाण्याचं रोप चित्रित करत होते ते हेच वर्ष, दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. या संशोधनातून पुढे गेस्टाल्ट विचार उभा राहिला : जवळ असलेल्या गोष्टी आपण एका गटात धरतो, सारख्या दिसणाऱ्या एकत्र धरतो, तुटलेली रेघ मनात पूर्ण करतो. फॉर्मवर नाव, पत्ता, फोन यांचे रकाने कसे मांडायचे हे यातूनच ठरतं. नसरीन मोहमदींची बारीक रेघांची चित्रं एकदा शांतपणे बघ. काही आकृती न काढता नुसत्या रेघांच्या अंतरावर त्या डोळ्याला खोलवर नेतात.

दुसरं उदाहरण आपल्या घरातलं. अमेरिकन विचारवंत चार्ल्स पर्स यांनी खुणांचे तीन प्रकार सांगितले : सारखेपणामुळे कळणारी, प्रत्यक्ष संबंधामुळे कळणारी आणि रूढीमुळे कळणारी. आता भाद्रपदातली गौरीची पावलं घे. मूठ कुंकवात बुडवून उमटवायची, वर बोटांनी पाच टिंबं. पावलासारखी दिसतात म्हणून ती पाऊल वाटतात. ओल्या फरशीवर माणसाचे ठसे दिसले की कोणीतरी इथून गेलं हे कळतं, तसा इथे ‘कोणीतरी आलं’ असा पुरावा मांडलेला असतो. आणि ती गौरीची, हे फक्त आपली रूढी ठाऊक असलेल्यालाच कळतं. एका ठशात तिन्ही प्रकार आहेत.

इथेच थांबू नकोस. पावलांचा रोख दारातून आत असतो. तोच ठसा उलटा फिरवला तर गौर घर सोडून निघाली असं होईल. आकार तोच, दिशेनं अर्थ उलटला. बाण, लोगो, पॅकिंगवरचं चित्र काढताना दिशेचा विचार का करायचा, ते यात आहे. शिवाय पावलं एकामागून एक असतात. डावं, उजवं, डावं, अशी उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत. कोणी चालत नाही, तरी नजर चालते. एका जागी मांडलेल्या स्थिर ठशांतून हालचाल उभी करणं म्हणजे ॲनिमेशनचं बीज. डिझाइन, ॲनिमेशन, दृश्यविचार तिन्ही आईनं काढलेल्या त्या पावलांत एकत्र आहेत. म्हणूनच मी म्हणते की हे विषय वेगळे करून शिकू नयेत.

आपल्याकडचा जुना विचारही वाच. कामसूत्रावरच्या यशोधराच्या टीकेत चित्राची सहा अंगं आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य, वर्णिकाभंग. विष्णुधर्मोत्तरातल्या चित्रसूत्रात वज्र राजा मूर्ती घडवायला शिकवा म्हणतो, तेव्हा मार्कंडेय सांगतात की त्याआधी चित्र आलं पाहिजे, चित्रासाठी नृत्त, नृत्तासाठी वाद्य, वाद्यासाठी गीत. ॲनिमेशन शिकणाऱ्यानं तालाकडे लक्ष द्यावं हे यापेक्षा चांगलं कोण सांगणार?

पडद्यावर सुंदर दिसणारा रंग छापल्यावर मळका का होतो?

पडदा प्रकाश मिसळतो : लाल, हिरवा, निळा. छपाईत निळसर सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा शाया एकमेकींवर बसतात, आणि प्रत्येक शाई कागदावरून परतणारा प्रकाश थोडा गिळते. म्हणून पडद्यावरचे काही झगझगीत हिरवे आणि निळे शाईत येतच नाहीत. फाइल पहिल्यापासून सीएमवायकेत, म्हणजे या चार शायांच्या रंगपद्धतीत कर, चित्रं ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) ठेव, कडेला ३ मिलिमीटर जास्तीचा रंग सोड, आणि एक नमुना छापून बघितल्याशिवाय हजार प्रती काढू नकोस.

बडोद्याला हा प्रश्न जुना आहे. राजा रविवर्म्यांनी सयाजीरावांसाठी पौराणिक विषयांवरची चौदा तैलचित्रं केली. अशा चित्रांना लोकांची मागणी होती, आणि १८९४ साली मुंबईत त्यांचा शिळाछापखाना निघाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा असे, आणि सगळ्या शिळा एकमेकींवर अचूक बसाव्या लागत. किंचित सरकलं की सरस्वतीच्या ओठांचा लाल गालावर जाई. फत्तेसिंह संग्रहालयात मूळ चित्रं बघ, मग कोणाच्या घरी जुनं छापील चित्र असेल तर भिंग घेऊन ते बघ. तैलरंगातली सावली छपाईत ठिपक्यांनी कशी उभी केली आहे ते दिसेल.

बडोद्यात काय काय पाहावं?

सयाजीबागेतलं बडोदा संग्रहालय आणि चित्रसंग्रहालय आधी. १८९४ची इमारत. आत अकोट्याच्या जैन ब्राँझमूर्ती आहेत, त्यांच्यातल्या सर्वांत जुन्या पाचव्या शतकाच्या आसपासच्या, लघुचित्रंही आहेत. लघुचित्रासमोर वही काढून फक्त चौकटी काढ : कोण कुठे उभा आहे, भिंत कुठे संपते, एकाच चित्रात एकच माणूस दोनदा का दिसतो.

मग रावपुऱ्यातला तांबेकर वाडा. भाऊ तांबेकर हे एकोणिसाव्या शतकात बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या वाड्याच्या भिंतींवरच्या चित्रांत कृष्णकथा आहेत आणि मराठे-इंग्रज लढाईही. आपल्या माणसाच्या घरात, आपल्या शहरात, ही चित्रं आहेत आणि निम्म्या बडोद्याला ठाऊक नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्याला चित्रकथा किंवा स्टोरीबोर्ड करायचा आहे त्यानं तिथे बसून भिंतीवर गोष्ट कुठून सुरू होते ते शोधावं.

कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, बंगालचे चित्रकार नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत : गंगावतरण, मीरेचं आयुष्य, नटीर पूजा, महाभारत. लांब भिंतीवर नजर कशी पुढे ओढायची हे यांच्याकडून शिकावं.

प्रवेशासाठी पोर्टफोलिओत काय ठेवू?

कमी ठेव. नेटवरून पाहून काढलेले नट आणि ॲनिमे पात्रं काढून टाक. समोर बघून काढलेली रेखाटनं, एक पूर्ण झालेलं काम आणि त्या कामाचे कच्चे आराखडे ठेव. तपासणाऱ्याला तू विचार कसा करतेस ते बघायचं असतं, आणि ते कच्च्या कागदावरच दिसतं. एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) परीक्षा दोन टप्प्यांत होते, आयआयटीच्या डिझाइनसाठी यूसीड ही प्रवेशपरीक्षा असते, बडोद्याच्या फाइन आर्ट्सला अभियोग्यता चाचणी. अहमदाबादची एनआयडी इथून सव्वाशे किलोमीटरच्या आतच आहे. एकदा जाऊन आवार बघून ये.

इंग्रजी कच्चं असेल तर?

चालतं. तांत्रिक शब्द इंग्रजी आहेत ते वापरून वापरून येतात. आपल्या कामाबद्दल चार वाक्यं मराठीत, गुजरातीत किंवा हिंदीत स्पष्ट सांगता येणं जास्त महत्त्वाचं.

एआय आता सगळं काढून देतं. मग शिकायचं कशाला?

एआय चित्र देतं, पण कोणतं चित्र हवं हे त्याला सांगावं लागतं, आणि आलेल्यांतलं कोणतं चुकीचं आहे हे ओळखावं लागतं. मराठी मजकूर असलेलं चित्र मागून बघ. जोडाक्षरं अनेकदा मोडलेली येतात, रफार भलत्या अक्षरावर बसतो, नऊवारीचा काष्टा भलताच नेसलेला असतो. ज्याला काष्टा ठाऊक आहे त्यालाच ते खटकेल. मी संदर्भ शोधायला आणि कच्च्या कल्पना झटपट बघायला ते वापरण्याच्या विरोधात नाही. पण शिकण्याच्या वर्षांत रेघ स्वतःच्या हातानंच ओढावी, कारण पाहायला शिकवते ती रेघ. शिवाय स्पर्धेत किंवा कॉलेजच्या कामात वापरलं असेल तर तसं लिहून द्यावं.

आमच्या घरात आजोबांच्या वेळच्या लग्नपत्रिका, कॅलेंडरं, मोडी लिपीतले कागद पडले आहेत. रद्दीत द्यायचे का?

कृपा करून देऊ नका. गायकवाडी बडोद्याचा कारभार दीर्घकाळ मराठीत आणि मोडीत चालला. इथल्या मराठी घरांत जे छापील कागद उरले आहेत, त्यांत आपल्या अक्षरांचा, सजावटीचा आणि छपाईचा इतिहास आहे. तो पुस्तकांत फारसा लिहिलेला नाही. एका पत्रिकेवर देवनागरी आणि गुजराती शेजारी कशी बसवली आहे, गणपतीचा ठोकळा कुठला वापरला आहे, वेलबुट्टीची चौकट कशी जुळवली आहे, हे माझ्यासारखीला महिनाभर पुरणारं शिक्षण आहे.

कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. उन्हापासून आणि ओलाव्यापासून दूर, सपाट ठेवा. स्कॅन करायचे असतील तर ६०० डीपीआयवर, रंगीत, आणि मागची बाजूही, कारण मागे बऱ्याचदा कोणीतरी हिशेब किंवा तारीख लिहिलेली असते. कोणाच्या लग्नाची, कुठून आली, एवढं पेन्सिलनं वेगळ्या चिठ्ठीवर टिपून सोबत ठेवा. आणि फोटो काढताना अगदी खालची मुद्रकाची बारीक ओळ कापली जाणार नाही हे बघा. छापखाना कुठला होता ते तिच्यावरूनच कळतं.